शिरेतून जाणारी पांढरी बाटली आणि पिवळे झालेले डोळे

तासगाव तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. तो थोडक्यात असा: "आमच्या मालकांचं वय ४४, वजन ४८ किलो. आठ महिन्यांपूर्वी आतड्याच्या रक्तवाहिनीत गुठळी होऊन बरंचसं आतडं काळं पडलं, ते काढावं लागलं. लहान आतडं ७० सेंटीमीटर उरलंय, ते मोठ्या आतड्याच्या उरलेल्या भागाला जोडलंय. तोंडाने थोडंफार खातात. बाकी रोज रात्री छातीतल्या लाईनमधून (शिरेत बसवलेल्या नळीतून) २५० ग्रॅम ग्लुकोज आणि ६० ग्रॅम अमिनो आम्लांची (प्रथिनांच्या घटकांची) पिशवी दहा तासांत जाते. आठवड्यातून पाच दिवस २० टक्क्यांची ५०० मिलीची पांढरी बाटलीही देतो. महिनाभर डोळे पिवळे आहेत. बिलिरुबिन (काविळीत रक्तात वाढणारा पिवळा घटक) ४.६, त्यातलं डायरेक्ट ३.४. पाहुणे म्हणतात, शिरेत तेल घालून लिव्हर घालवलं, ती बाटली बंद करा. एका डॉक्टरांनी माशाच्या तेलाची बाटली सुचवली, पण मालक माळकरी आहेत. काय करावं?"

ताई, आधी एक सांगतो. पांढरी बाटली तुमच्या मनाने बंद करू नका. ती कोणत्या तेलाची आहे, आठवड्याला किती जाते आणि किती तासांत जाते, हे तीन आकडे कागदावर लिहून काढा. मिरजेत मी गेली बावीस वर्षं अशा रुग्णांचं शिरेतलं पोषण बघतोय. कावीळ दिसली की सगळ्यांचा हात पहिल्यांदा त्या बाटलीकडे जातो, आणि हे तीन आकडे मात्र कुणाजवळच नसतात.

पाहुण्यांच्या बोलण्यात थोडं तथ्य आहे, म्हणून ते नीट समजून घ्या. बाटलीतलं दूध म्हणजे तेल, पाणी आणि ते एकजीव ठेवणारा अंड्याच्या बलकातला स्निग्ध घटक. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला स्वीडनमध्ये आर्विड व्रेटलिंड यांनी सोयाबीनच्या तेलापासून असं सुरक्षित दूध तयार केलं. त्याआधी अमेरिकेत सरकीच्या तेलाचं होतं, पण ते रुग्णांना इतकं बाधलं की बाजारातून काढावं लागलं. सोयाच्या बाटलीने पुढे जगभर लाखो जीव वाचवले. तिचे दोष दिसले ते महिनोन् महिने घेणाऱ्या रुग्णांमध्ये, सगळ्यात आधी आतडं गमावलेल्या बाळांमध्ये.

सोयाच्या तेलात वनस्पतींचे स्टेरॉल, म्हणजे कोलेस्टेरॉलसारखे घटक, असतात. आपण शेंगतेल खातो, करडईचं खातो, त्यांतही ते असतातच. पण आतडं त्यांतला अगदी थोडा भाग आत घेतं आणि बाकीचा बाहेर टाकतं. शिरेतून दिलेल्या तेलाला आतड्याची ही गाळणी लागत नाही. सगळे स्टेरॉल थेट रक्तात जातात आणि लिव्हरमध्ये साठतात. लिव्हरच्या पेशीत पित्त बाहेर ढकलणारा एक पंप असतो. त्यांतले काही स्टेरॉल तो चालू ठेवणारी खूणच दाबून टाकतात. पित्त पेशीत तुंबतं आणि रक्तात डायरेक्ट बिलिरुबिन, म्हणजे लिव्हरने पित्तात सोडायला तयार केलेला भाग, चढतं. शिवाय सोयाच्या तेलात ओमेगा-६ चरबी जास्त असते, त्यामुळे दाह वाढवणाऱ्या पदार्थांना कच्चा माल मिळतो. लिव्हरच्या पेशींना जपणारं ई जीवनसत्त्व मात्र त्यात कमी असतं. म्हणजे तेल लिव्हरला त्रास देऊ शकतं, हे खरं आहे. पण तो त्रास तेलाच्या जातीवर आणि मात्रेवर अवलंबून असतो.

आता तुमचा हिशेब मांडू. २० टक्क्यांच्या ५०० मिली बाटलीत १०० ग्रॅम चरबी असते. पाच बाटल्या म्हणजे आठवड्याला ५०० ग्रॅम, दिवसाला सरासरी ७१ ग्रॅम. ४८ किलो वजनाला हे किलोमागे जवळजवळ दीड ग्रॅम झालं. २००० साली फ्रान्समध्ये घरी शिरेतून पोषण घेणाऱ्या ९० मोठ्या माणसांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. किलोमागे रोज १ ग्रॅमपेक्षा जास्त चरबी घेणाऱ्यांत लिव्हरचा आजार बळावण्याचा संबंध त्यात स्पष्ट दिसला. तेव्हापासून दीर्घकाळ सोयाचं तेल घेणाऱ्याला एका ग्रॅमच्या आत ठेवायचं, हा आमचा पाळायचा नियम आहे. तुमच्या बाटल्या तीनवर आणल्या की दिवसाला ४३ ग्रॅम, म्हणजे किलोमागे ०.९ ग्रॅम होतात. तुमच्या डॉक्टरांपुढे हा आकडा ठेवा. बाटलीवर सोयाबीन तेलच लिहिलंय ना, तेही बघून घ्या, कारण हा सगळा हिशेब सोयाच्या बाटलीचा आहे.

दोन बाटल्या कमी केल्या म्हणून ग्लुकोज वाढवायचं नाही. मी स्वतः सुरुवातीच्या वर्षांत ही चूक केली आहे. एका तरुणाची चरबी अर्ध्यावर आणली आणि वजन उतरू नये म्हणून ग्लुकोज चढवत गेलो. पाच आठवड्यांनी त्याचं लिव्हर बरगड्यांखाली तीन बोटं हाताला लागलं. सोनोग्राफीत ते चरबीने पांढरंफट्ट दिसत होतं. जास्तीची साखर लिव्हर स्वतःच चरबीत बदलतं आणि साठवून ठेवतं. त्या मुलाच्या आईला मी सांगितलं होतं की तेल कमी केल्याने लिव्हर सुधारेल. ते लिव्हर हाताला लागलं तेव्हाचं मला अजून आठवतं.

तुमच्या मालकांना आत्ता पिशवी आणि बाटली मिळून ग्लुकोजच्या ८५०, अमिनो आम्लांच्या २४० आणि चरबीच्या सरासरी ७१४ अशा दिवसाला १८०० कॅलरी मिळतात. म्हणजे किलोमागे ३७ च्या वर, आणि तोंडाने खातात ते वेगळंच. स्थिर असलेल्या रुग्णाला साधारण २० ते ३५ पुरतात. तीन बाटल्या केल्यावर बेरीज १५२० च्या आसपास येते, किलोमागे ३१-३२. त्यामुळे ग्लुकोज वाढवायची गरजच नाही, ते फक्त सावकाश जायला हवं. २५० ग्रॅम दहा तासांत म्हणजे मिनिटाला किलोमागे ८.७ मिलिग्रॅम. हा वेग ५ ते ७ च्या आत हवा. तीच पिशवी चौदा तासांत लावली की आकडा ६.२ वर येतो. संध्याकाळी सातला जोडली तर सकाळी नऊला सुटते. उरलेले दहा तास लिव्हरला विसावा मिळतो आणि माणूस शेताच्या बांधापर्यंत मोकळा फिरून येऊ शकतो.

पांढरी बाटली किती वेळात जाते ते तुम्ही लिहिलेलं नाही, त्याची मला काळजी वाटते. झोपमोड नको म्हणून नळीवरचा वेग ठरवणारा रोलर सैल करून चार-पाच तासांत बाटली संपवणारी घरं मी पाहिली आहेत. इतक्या वेगाने गेलेली चरबी रक्तातून साफ होत नाही, ती लिव्हर आणि प्लीहेतल्या पेशींना गिळावी लागते. दहा ते बारा तास द्या. पण एकदा टोचलेली बाटली बारा तासांच्या पुढे टांगायची नाही, कारण हे दूध जंतूंना फार मानवतं. गावातल्या कंपाउंडरला त्या बाटलीत व्हिटॅमिन, कॅल्शियम काहीही टोचू देऊ नका. कॅल्शियमने दूध फाटतं. लावण्याआधी बाटली उजेडात धरा. कडेला किंवा वर पिवळ्या तेलाचा पातळ थर दिसला तर ती टाकून द्या, किती का महाग असेना. बाटली २५ अंशांच्या आत ठेवायची आणि गोठू द्यायची नाही. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात पत्र्याच्या खोलीतलं कपाट तिच्या कामाचं नाही. २०१९ च्या ऑगस्टच्या महापुरात सांगलीतल्या एका घरी सहा दिवस वीज नव्हती. फ्रिजमध्ये ठेवलेल्या मिसळलेल्या पिशव्या सगळ्या टाकाव्या लागल्या. पांढऱ्या बाटल्या मात्र माजघराच्या गार फरशीवर नीट राहिल्या.

चरबी पूर्ण बंद केली तर काय होतं, तेही सांगतो. कराडकडची एक मुलगी आमच्याकडे आली. आतड्याला पीळ पडून तिचं आतडं गेलं होतं. कावीळ दिसल्यावर दुसरीकडे तिची पांढरी बाटली पूर्ण थांबवली होती आणि दोन महिने नुसत्या ग्लुकोजवर ठेवलं होतं. तिच्या आईने पिशवीतून कागदाची एक पुडी काढून माझ्या टेबलावर उघडली. आत आठवडाभर उशीवर पडलेले केस होते. मुलीच्या पोटऱ्यांवरची कातडी कोंड्यासारखी सुटत होती आणि पोटावरचं टाक्याचं टोक दोन महिने भरत नव्हतं. लिनोलेइक आम्ल आणि अल्फा-लिनोलेनिक आम्ल या दोन चरबी शरीराला स्वतः बनवता येत नाहीत. बाहेरून न मिळाल्या तर त्वचा, केस, जखमा भरणं असं एकेक बिघडत जातं. सोयाची ५०० मिलीची बाटली आठवड्यातून एकदा गेली तरी बहुतेक मोठ्या माणसांची ही किमान गरज भागते. म्हणून आम्ही ती कमी करतो, पण शून्यावर आणत नाही. त्या मुलीची कावीळही चरबी बंद करून उतरली नव्हती, कारण साखर तशीच भरमसाट चालू होती.

आता माशाच्या तेलाविषयी. बॉस्टनच्या मुलांच्या हॉस्पिटलमध्ये मार्क प्यूडर आणि कॅथलीन गुरा यांनी आखूड आतड्याच्या दोन बाळांना सोयाच्या जागी फक्त माशाच्या तेलाचं दूध दिलं आणि त्यांची कावीळ उतरली. ही नोंद २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. पुढे बऱ्याच बाळांत तसाच अनुभव आला. जुलै २०१८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने शिरेतल्या पोषणामुळे पित्त तुंबलेल्या मुलांसाठी त्याला मान्यता दिली. या तेलात वनस्पतींचे स्टेरॉल जवळजवळ नसतात, ई जीवनसत्त्व भरपूर असतं आणि दाह शमवणाऱ्या ओमेगा-३ चरबी असतात. दुसरी बाटली मिश्र तेलाची येते: ३० टक्के सोया, ३० टक्के मध्यम साखळीची चरबी, २५ टक्के ऑलिव्ह आणि १५ टक्के मासा. तिसरी ८० टक्के ऑलिव्ह आणि २० टक्के सोया अशी असते.

माशाच्या तेलाचा भक्कम पुरावा मुलांमधला आहे. मोठ्या माणसांत सोया एका ग्रॅमच्या आत आणणं ही पहिली पायरी, आणि तेवढ्याने भागलं नाही तर मिश्र तेल ही दुसरी. बाळांतही माशाच्या तेलाने बिलिरुबिन उतरतं, पण लिव्हरमध्ये आधीच तयार झालेला कडकपणा बऱ्याचदा मागे राहतो. त्यामुळे बिलिरुबिनचा आकडा खाली आला तरी लिव्हरची तपासणी चालू ठेवावी लागते. मिश्र तेलात लिनोलेइक आम्ल सोयाच्या निम्म्याहून कमी असतं. म्हणून मिश्र बाटली लावून तीही आठवड्यातून एकदाच दिली, तर त्या कराडच्या मुलीसारखी कमतरता उद्भवू शकते. तेल बदललं की मात्रेचा हिशेब नव्याने मांडावा लागतो.

आणि माळ. ताई, हा प्रश्न तुम्ही संकोच न करता विचारलात हे फार बरं केलंत. आता मला एक गोष्ट तुमच्यापासून लपवता येणार नाही. आत्ता चालू असलेल्या सोयाच्या बाटलीतसुद्धा अंड्याच्या बलकाचा घटक आहे, आणि ऑलिव्हच्या बाटलीतही आहे. सुरुवातीलाच हे तुमच्या मालकांना कोणीतरी सांगायला हवं होतं. आता तुम्ही सांगा, शांतपणे, आणि निर्णय त्यांना करू द्या. माझ्याकडच्या काही माळकरी घरांनी औषध म्हणून सगळं स्वीकारलं. एका आजोबांनी बलक चालेल म्हटलं, मासा नको म्हटलं. आम्ही त्यांना ऑलिव्हच्या बाटलीवर नेलं, मात्रा आटोक्यात ठेवली, लाईनची स्वच्छता काटेकोर केली. चार महिन्यांत त्यांचं बिलिरुबिन दीडच्या खाली आलं. तेव्हा मासा नको असेल तर उपाय संपले असं समजू नका. ही गोष्ट त्यांच्यावर लादूही नका आणि त्यांच्यापासून लपवूही नका.

एवढ्यावरून सगळी कावीळ बाटलीच्या माथी मारायची का? माझ्या मते नाही. तुमच्या मालकांच्या बाबतीत तर अजिबातच नाही. त्यांच्या आतड्याच्या रक्तवाहिनीत एकदा गुठळी झालेली आहे. लिव्हरकडे रक्त नेणाऱ्या शिरेत गुठळी नाही ना, हे डॉप्लर (रक्ताचा प्रवाह दाखवणाऱ्या) सोनोग्राफीने आधी बघून घ्यायला हवं. त्याच सोनोग्राफीत पित्ताशयातला गाळ आणि खडे कळतात. जेवण आतड्यात उतरलं की पित्ताशय आकुंचन पावतं. ते होत नसलं की पित्त तिथेच घट्ट होतं. हिपॅटायटिस बी आणि सी च्या तपासण्या आणि चालू असलेली औषधं हेही तपासायचं. डायरेक्ट बिलिरुबिन चढलं की पिशवीतल्या मँगनीज आणि तांब्याच्या मात्रेचाही फेरविचार करावा लागतो, कारण हे दोन्ही पित्तावाटे बाहेर पडतात.

या सगळ्यांहून मोठा शत्रू म्हणजे लाईनचा जंतुसंसर्ग. माझ्या रुग्णांची लिव्हर बिघडवण्यात तेलापेक्षा वारंवारच्या संसर्गाचा वाटा मला जास्त दिसत आला आहे. रक्तात जंतू आले की लिव्हरमधून पित्त पुढे सरकणं मंदावतं. पिशवी जोडल्यावर तासा-दोन तासांत थंडी वाजून ताप आला तर ती लाईनची थंडी समजा. पिशवी थांबवा, लाईन बंद करा आणि रात्री दोन वाजले तरी दवाखान्यात या. मेडिकलमधून तापाची गोळी आणून सकाळची वाट बघू नका. लाईन कोण जोडतं? घरातलं एकच माणूस ठरवा. साबणाने हात धुवायचे आणि लाईनचं तोंड स्पिरिटच्या बोळ्याने १५ सेकंद दाबून घासायचं. मग ते वाळू द्यायचं, त्यावर फुंकर मारायची नाही. पंधरा सेकंद फार वाटतात. माझी एक सिस्टर घरच्यांना मनात "विठ्ठल विठ्ठल" दहा वेळा म्हणायला सांगते, तेवढ्यात होतं.

तोंडाने खाणं हे लिव्हरचं औषधच आहे, म्हणून दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं द्या. मोठं आतडं उरलंय हे त्यांचं नशीब. लहान आतड्यात न पचलेल्या पिष्टापासून तिथले जंतू शरीराला वापरता येईल अशी ऊर्जा बनवतात. मऊ भात, ज्वारीची भाकरी कुस्करून, नाचणीची आंबील, ताक, वरण चालेल. शेंगदाण्याची चटणी आणि पालक मात्र कमी करा. अशा रुग्णांत ऑक्झलेट जास्त शोषलं जाऊन मूतखडे होतात, आणि शेंगदाण्यात तेही आहे आणि चरबीही. तहान साध्या पाण्यावर भागवण्याऐवजी ओआरएस घोट घोट द्या.

काविळीला उसाचा रस द्यायचा ही आपल्या भागातली जुनी रीत आहे. तुमच्या दारात ऊस असेल आणि देणाऱ्याच्या मनात मायाच असेल. पण आखूड आतड्यात इतकी साखर गेली की ती पाणी ओढून घेते, मालकांना दिवसात दहा वेळा जावं लागेल आणि अंगातलं पाणी-मीठ निघून जाईल. काविळीची माळ गळ्यात घातली तर अपाय नाही. पण झाडपाल्याचा काढा पोटात किंवा नाकात अजिबात जाऊ देऊ नका. मूळच आजारी असलेल्या लिव्हरवर त्याचा काय परिणाम होईल हे देणाऱ्यालाही ठाऊक नसतं. शिवाय ते रक्त पातळ करणारी गोळी घेत असतील, तर काढ्याने तिचं गणित बिघडू शकतं.

ही गोळी वॉरफरिनसारखी असेल तर आणखी एक गोष्ट, जी नेहमी राहून जाते. सोयाच्या तेलात के जीवनसत्त्व असतं आणि ते या गोळीच्या उलट काम करतं. पाच बाटल्यांच्या तीन केल्या की त्याच गोळीने रक्त जास्त पातळ होऊ शकतं. त्यातून पित्त तुंबल्यामुळे तोंडावाटे मिळणारं के जीवनसत्त्वही नीट शोषलं जात नाही. बाटल्या कमी केल्यापासून चौथ्या-पाचव्या दिवशी आयएनआर (रक्त किती पातळ आहे हे सांगणारी तपासणी) करा आणि तो स्थिर होईपर्यंत दर आठवड्याला.

सत्तर सेंटीमीटर आतडं मोठ्या आतड्याला जोडलेलं असेल तर शिरेतलं पोषण पुढे कमी होण्याची, काहींच्या बाबतीत सुटण्याचीही आशा असते. उरलेलं आतडं दोन वर्षांपर्यंत शिकत राहतं, तुमचे तर आठच महिने झालेत. पण पोट पाण्याने फुगलं, उलटीत किंवा शौचात रक्त आलं, माणूस गुंगीत बोलू लागला, किंवा सहा-आठ आठवडे वरचं सगळं करूनही बिलिरुबिन चढत राहिलं आणि प्लेटलेट उतरत गेल्या, तर आतड्याचं प्रत्यारोपण करणाऱ्या केंद्राचं मत वेळेत घ्या. ते पुण्यात, मुंबईत, चेन्नईत होतं. तिथे दाखवलं म्हणजे लगेच ऑपरेशन असं नसतं, पण लिव्हर पूर्ण थकल्यावर गेलं तर त्यांच्याही हातात फारसं उरत नाही.

आज संध्याकाळी एवढं करा. बाटलीवरचं तेलाचं नाव आणि टक्केवारी वाचून वहीत लिहा. बाटली लावल्याची आणि संपल्याची वेळ आठवडाभर नोंदवा. रोज सकाळी एकाच काट्यावर वजन, दिवसभरातली लघवी मापाच्या भांड्यात, आणि ताप. ही वही, मागचे सगळे रक्ताचे रिपोर्ट आणि एक रिकामी बाटली लेबलासकट घेऊन तुमच्या डॉक्टरांकडे जा. मिरजेला येणार असाल तर हेच सगळं घेऊन या, आणि मालकांना सोबत आणा. माशाच्या तेलाचं मला त्यांच्याशीच बोलायचं आहे.